खात्यातून पैसे गेले? पहिल्या तासात काय करायचं आणि पुढच्या ९० दिवसांत काय



आपण नेहमी धंदा कसा वाढवायचा यावर बोलतो. आज कमावलेला पैसा हातातून गेला तर तो परत मिळवायला काय करायचं, यावर बोलू. व्हिडिओत घाईघाईने सांगितलेली माहिती इथे सविस्तर देतोय. लेख मोठा आहे, पण वाचून ठेवा. वेळ आली की वाचायला वेळ नसतो.

सुरुवात एका फोनने करतो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा रात्री साडेनऊला फोन आला. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, सीझन तोंडावर आलेला. "सर, माझे ४८ हजार गेले," एवढंच बोलल्या आणि पुढे बोलताच येईना.

झालं असं होतं. दुपारी एकाने फोन करून सांगितलं, "मी आर्मीतून बोलतोय, युनिटच्या कॅन्टीनसाठी ४० किलो मसाला पाहिजे, ॲडव्हान्स लगेच देतो." व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग म्हणाला, "आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी असते, आधी पाच रुपये पाठवा, दहा परत येतील." आले. विश्वास बसला. मग क्यूआर कोड आला. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." दोन वेळा २४ हजार गेले. ते पैसे मिरची-धण्याच्या खरेदीसाठी बचत गटाकडून घेतलेले होते.

मी विचारलं, "कधी झालं हे?" म्हणाल्या, "दुपारी दोनला."

दोन ते साडेनऊ. साडेसात तास. मी विचारलं, "मग एवढा वेळ काय केलंत?" तर म्हणाल्या, "घरी कसं सांगू, हाच विचार करत होते."

मित्रांनो, फसवणारा माणूस याच साडेसात तासांवर जगतो. म्हणून आधी वेळेचं गणित समजून घ्या.

पैसा नेमका जातो कुठे?

चोरलेला पैसा चोराच्या स्वतःच्या खात्यात जात नाही. तो जातो भाड्याने घेतलेल्या खात्यात. कुणीतरी दोन-पाच हजारांच्या लोभाने आपलं खातं वापरायला दिलेलं असतं. तिथून तो काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरतो, आणि शेवटी एटीएममधून रोख निघते किंवा दुसरं काहीतरी खरेदी होतं.

पैसा बँकिंगच्या पाइपमध्ये फिरतोय तोपर्यंत अडवता येतो. रोख हातात पडली की अवघड. सगळा खेळ या मधल्या वेळेचा आहे, म्हणूनच पोलीस याला 'गोल्डन अवर' म्हणतात.

पहिला तास: या क्रमाने करा

१. बँकेला फोन करून दार बंद करा. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे, पासबुकवर किंवा बँकेच्या अधिकृत ॲपमध्ये असतो. तोच घ्या. सांगा, "माझ्या खात्यात फ्रॉड झालाय. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग सगळं ब्लॉक करा." तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वेळ लिहून ठेवा. फोन लागत नसेल तर ॲपमधून कार्ड बंद करा आणि बँकेला ईमेल टाका. त्या ईमेलवर आपोआप वेळ पडते, ती पुढे कामाला येते.

२. लगेच १९३० वर फोन करा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या व्यवस्थेतली. तुम्ही माहिती दिली की तक्रार सिस्टिममध्ये चढते आणि ज्या बँकेत पैसा गेला तिच्याकडे जाते. पैसा तिथे असेल तर ती तो अडवून ठेवते. पुढे गेला असेल तर कुठे गेला ते कळवते, मग पुढच्या बँकेकडे निरोप जातो. म्हणजे चोराचा माग काढत तक्रार मागे पळते. तुम्ही जितक्या लवकर सोडाल, तितकी ती जवळ पोहोचेल.

फोन करताना हे समोर ठेवा:
- तुमचा खाते क्रमांक आणि बँकेचं नाव
- व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, म्हणजे यूटीआर (यूपीआय ॲपच्या हिस्टरीत दिसतो)
- रक्कम, तारीख, वेळ
- समोरच्याचा यूपीआय आयडी, खाते क्रमांक किंवा मोबाइल नंबर, जे असेल ते

लाइन बिझी लागली तर वाट बघत बसू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर स्वतः तक्रार टाका. फोनवर तक्रार झाली असेल तरी मेसेजमध्ये आलेला पोचपावती क्रमांक वापरून पोर्टलवरचा तपशील २४ तासांत पूर्ण करून टाका.

३. फोन ताब्यात घ्या. एखादी लिंक दाबून ॲप टाकलं असेल, लग्नपत्रिकेच्या किंवा वाहन चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडली असेल, किंवा कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर केली असेल, तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आणि फोनची रेंज अचानक पूर्ण गेली असेल तर ती नेटवर्कची कटकट समजू नका. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं. घरातल्या दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला फोन करा, मग बँकेला.

४. पुरावा जपा. चॅट, कॉल लिस्ट, क्यूआर कोड, बँकेचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, फोन फॉरमॅट करू नका. ते नंतर.

पहिल्या तासात काय करायचं नाही

चोराला परत फोन करून भांडू नका. तो म्हणेल, "चुकून झालं ताई, अजून एकदा पिन टाका, सगळे परत येतील." आणखी एक रक्कम जाईल.

गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. त्यावर खोटे नंबर पेरलेले असतात. बँकेची वेबसाइट बघायचीच असेल तर पत्ता नीट वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या वेबसाइटसाठी 'डॉट बँक डॉट इन' असा वेगळा शेवट ठरवून दिलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, "तुमचे पैसे काढून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा" म्हणणारा फोन येईल. आला की समजायचं, ही फसवणुकीची दुसरी फेरी. १९३० किंवा पोलीस तक्रारीसाठी फी घेत नाहीत.

पुढचे तीन दिवस: बँकेला लेखी द्या

इथे बरेच जण चुकतात. फोन केला, झालं, असं समजतात. पण तुमचा हक्क लेखी तक्रारीवर उभा राहतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसाच नियम आला. सोप्या भाषेत सांगतो:

- चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य. तुम्ही कळवलं की नाही, हाही प्रश्न नाही.
- चूक ना बँकेची ना तुमची, मधेच कुठेतरी माहिती फुटली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान शून्य. बँकेचा मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत.
- तेच चार ते सात दिवसांत कळवलं तर तुमच्यावर मर्यादित बोजा येतो. बेसिक बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये. साध्या बचत खात्याला आणि लघुउद्योगांच्या चालू, कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट खात्याला १०,००० रुपये. मोठ्या चालू खात्यांना २५,००० रुपये.
- सात दिवसांनंतर मामला बँकेच्या स्वतःच्या धोरणावर जातो.

उद्योजकांनी तो 'लघुउद्योग' शब्द नीट वाचा. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र बँकेत दिलेलं असेल तर आपण या गटात बसतो हे दाखवणं सोपं जातं. नोंदणी मोफत आहे, करून टाका.

आता खरं बोलतो, कडू आहे पण ऐका. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल किंवा पिन दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमच्यावर येतं. ताईंनी पिन स्वतः टाकला होता. म्हणून बँकेकडून भरपाई मिळेल अशी खोटी आशा मी त्यांना दाखवली नाही. पण तरीही लेखी तक्रार द्यायला लावली. का? कारण एक, तक्रारीनंतर खात्यातून जे जाईल ते बँकेच्या डोक्यावर. दोन, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी या नियमात बँकेवर टाकलेली आहे. काउंटरवरचा माणूस "तुमचीच चूक" म्हणाला म्हणजे निकाल लागला असं नाही.

अर्ज मोठा लिहायची गरज नाही. एवढा पुरे:

"माझ्या खाते क्रमांक … मधून दिनांक … रोजी … वाजता रु. … इतकी रक्कम फसवणुकीने गेली आहे. संदर्भ क्रमांक …. मी याबाबत दिनांक … रोजी … वाजता आपल्या ग्राहक सेवेकडे (तक्रार क्र. …) आणि १९३० वर (पोचपावती क्र. …) कळवले आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्यवाही करून मला लेखी उत्तर द्यावे."

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊनच शाखेतून बाहेर पडा. अनधिकृत व्यवहार असेल तर कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते, आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते.

पोलीस आणि कोर्ट: घाबरायचं नाही

पोर्टलवरची तक्रार घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलीस ठाण्यात जा. "आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकायला मिळालं तर शांतपणे 'झिरो एफआयआर'चं नाव घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि कॉम्प्युटर-मोबाइलच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणं, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी आणि ६६ डी कलमांत येतं. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पैसा अडवला गेला म्हणजे लगेच परत आला असं नाही. तो दुसऱ्याच्या खात्यात गोठलेला असतो. तो सोडवायला अनेकदा कोर्टाचा आदेश लागतो. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करतात. तपास अधिकाऱ्याला विचारा, "माझी किती रक्कम होल्डवर आहे आणि कुठल्या बँकेत?" हा प्रश्न तुम्ही विचारल्याशिवाय फाइल हलत नाही.

बँक ऐकत नसेल तर?

तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार होते, मार्गदर्शनासाठी १४४४८ हा नंबर आहे. फी नाही, वकील लागत नाही. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. म्हणून तो शिक्का!

पैसे नाही, ओळखच चोरीला गेली तर

ही चोरी मेसेज पाठवत नाही. पॅन आणि आधारची झेरॉक्स आपण सिम घेताना, लॉजवर, एजंटकडे, कुठेही देतो. कुणीतरी त्यावर कर्ज काढतं किंवा बोगस फर्म उघडतं. तुम्हाला कळतं कधी? मुद्रा कर्जाच्या फाइलवर मॅनेजर म्हणतो, "तुमचं एक कर्ज थकलंय." दुकानाची जागा ठरलेली, मशीनचं कोटेशन आणलेलं, आणि न घेतलेल्या कर्जामुळे सगळं अडून बसतं. म्हणून धंदा सुरू करण्याआधीच या पाच गोष्टी तपासा:

१. क्रेडिट रिपोर्ट. देशात चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. अनोळखी कर्ज दिसलं तर त्या कंपनीकडे 'डिस्प्यूट' टाका आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

२. जीएसटी पोर्टल. 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये 'सर्च बाय पॅन' असा पर्याय आहे. तुमचा पॅन टाका. तुम्ही न काढलेला जीएसटी नंबर दिसला तर त्याच दिवशी पोर्टलवर आणि पोलिसांत तक्रार करा.

३. संचार साथी. दूरसंचार विभागाच्या या पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबरवर 'माझा नाही' असं तिथेच नोंदवता येतं. फोन हरवला तर ब्लॉकही इथूनच होतो.

४. आधार. यूआयडीएआयच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर बायोमेट्रिक लॉक करा. मग तुमच्या बोटांच्या ठशावर कुणी पैसे काढू शकत नाही. आधार कधी कुठे वापरलं याची हिस्टरीही तिथे दिसते. हेल्पलाइन १९४७.

५. आयकराचं एआयएस. आयकर पोर्टलवरच्या या पत्रकात तुमच्या पॅनवर नोंदलेले व्यवहार दिसतात. ओळखीचे नसतील तर तिथेच हरकत घ्या.

आणि उलटं झालं तर? तुमचंच खातं गोठलं तर?

दुकानदारांच्या बाबतीत हे होतं. ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले, तुम्ही माल दिला. पण तो पैसा कुणाचा तरी चोरलेला होता. तक्रारीचा माग तुमच्यापर्यंत येतो आणि खात्यावर होल्ड लागतो. घाबरू नका, भांडूही नका. बँकेकडून लेखी घ्या: तक्रार क्रमांक काय, कुठल्या राज्याचं, कुठलं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती. मग बिल, डिलिव्हरी चलन, ग्राहकासोबतचं चॅट जोडून त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत बँकेला. आणि मागणी अशी ठेवा की पूर्ण खातं न गोठवता फक्त वादातली रक्कम रोखावी. ज्याच्याकडे पक्कं बिल असतं त्याला बोलायला जागा असते. ज्याच्याकडे नसतं, त्याने काय दाखवायचं?

आजपासूनच्या चार सवयी

- गल्ल्यावरच्या क्यूआरला वेगळं खातं जोडा. रोज रात्री त्यातली रक्कम मुख्य खात्यात वळवा. चोराच्या हाती लागलंच तर एका दिवसाचा गल्ला लागेल, वर्षाची पुंजी नाही.
- दुकान उघडलं की आधी क्यूआर स्टिकर बघा. रात्रीतून वर दुसरा चिकटवतात.
- झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कारण लिहा, आडवी सही करा. चालत असेल तिथे मास्क केलेलं आधार द्या.
- घरातल्या प्रत्येकाला आणि दुकानातल्या पोराला एक वाक्य पाठ करवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही.

ताईंचं पुढे काय झालं?

त्या रात्री आम्ही आधी १९३० ला फोन लावला. पहिले २४ हजार एटीएममधून केव्हाच निघाले होते. दुसऱ्या २४ हजारांतले १९ हजार तिसऱ्या कुठल्यातरी खात्यात सापडले आणि अडवले गेले. कोर्टाचा आदेश होऊन ते परत यायला चार महिने लागले. दिवाळीचा सीझन त्यांनी उधारीच्या मिरचीवर काढला.

दुपारी दोनलाच फोन झाला असता तर किती वाचले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण १९ हजारांपेक्षा जास्त वाचायची संधी होती, एवढं नक्की.

नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, आधी का नाही बोललीस?" आता त्यांच्या पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत १९३० लिहिलेलं आहे. बाजूला बँकेचा नंबर.

फसणं हा गुन्हा नाही, फसवणं हा गुन्हा आहे. शिकलेले, अनुभवी, मोठमोठे लोक फसतात. लाज वाटली तर वाटू द्या, पण ती फोन झाल्यावर.

आजचा गृहपाठ फक्त दहा मिनिटांचा. १९३० आणि तुमच्या बँकेचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, कागदावर लिहून गल्ल्याजवळ चिकटवा, आणि क्रेडिट रिपोर्ट मागवा. झालं की हा लेख अशा एका माणसाला पाठवा ज्याने कालच नवीन क्यूआर कोड लावलाय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, आणि सांभाळून करा!